औषधानंतरचा रिपोर्ट

अंगावरून पांढरं जाणं हा बाईचा भोगच, अशा समजुतीत खेड्यांतल्या कितीतरी पिढ्या गेल्या. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. त्यावर आक्षेप घेता येतो, की तक्रार करणाऱ्या तर निम्म्याहून थोड्याच अधिक होत्या, मग तपासणीत जे जे दिसलं तो सगळा आजारच कसा? आक्षेप रास्त आहे. पण मुकाट सोसणाऱ्या बाईची तक्रार नोंदलीच जात नव्हती, हेही तितकंच खरं. शोधून काढणं ही त्या काळाची गरज होती.

पुढे प्रयोगशाळा हाताशी नसेल तिथे लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत सरकारी दवाखान्यांत आली. पांढऱ्या पाण्यासाठीच्या हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोलसोबत बुरशीवरची १५० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल असते. डोळखांब किंवा टोकावड्यासारख्या गावांतून शहापूर-मुरबाडला येण्यात ज्या बाईची दिवसभराची मजुरी बुडते, तिच्यासाठी ही पद्धत मोलाची. मात्र औषधानंतर खाज, आग, दह्यासारखा स्राव थांबला असताना पुन्हा केलेल्या तपासणीत 'कँडिडा आढळली' असं आलं, तर तो रिपोर्ट आजाराचा पुरावा मानू नये, असं माझं ठाम मत आहे. साधारण १० ते २० टक्के निरोगी स्त्रियांच्या योनीत ही बुरशी काही त्रास न देता राहते. म्हणूनच त्रास गेला असेल तर फेरतपासणी लागत नाही. ट्रायकोमोनास या लैंगिक संसर्गाचं तसं नाही. तिथे नवऱ्याचेही उपचार आणि सुमारे तीन महिन्यांनी फेरतपासणी हवीच.

यावर कुणी म्हणेल, की अशाने बायका पुन्हा दुखणं अंगावर काढतील. ती भीती या मुलखात पोकळ नाही. म्हणून तपासणीची खरी जागा नीट सांगायला हवी: त्रास कायम राहिला किंवा वर्षात तीनदा उलटला, तर तीच गोळी परत न घेता कल्चर करावं, कारण कँडिडा ग्लाब्राटासारख्या जाती फ्लुकोनाझोलला सहसा दाद देत नाहीत. रक्तातली साखरही बघावी. बाई गरोदर असेल तर तोंडाने घ्यायच्या गोळीऐवजी योनीत ठेवायचं औषध देतात, तेव्हा दिवस गेल्याचं आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावं.