जोडणीचा करार : तारायंत्रापासून रोमिंगपर्यंत



आजचा विषय वाचून काही जणांना वाटले असेल की, हा कामगार संघटनेचा माणूस वसंतातल्या संध्याकाळी आपल्याला विजेच्या विद्येचे धडे देणार की काय! तसे काही नाही. मी इंजिनियर नाही. कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि रेल्वेच्या डब्यात. परंतु गेली तीस वर्षे मी एकच काम करीत आलो आहे, आणि ते म्हणजे करार घडवून आणणे. एकमेकांचे तोंड पाहण्यास राजी नसलेल्या दोन पक्षांना एका टेबलाशी बसवावयाचे, कोणी काय द्यावयाचे आणि कोणी काय घ्यावयाचे ते कागदावर उतरवावयाचे, आणि पुढे तो कागद पाळला जातो की नाही ह्यावर डोळा ठेवावयाचा. टेलिफोनचा इतिहास वाचू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की, हाही बहुतांशी करारांचाच इतिहास आहे.

आपल्यापैकी कोणी काशीला गेले, गाडीतून उतरले आणि खिशातला मोबाईल वाजला, तर आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण क्षणभर विचार करा. तेथला मनोरा कदाचित आपल्या कंपनीचा नसेल. त्या परक्या मनोऱ्याने आपल्याला ओळखावे कसे, सेवा द्यावी का, आणि त्याचे पैसे त्याला कोणी द्यावे? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात जगाची दीडशेहून अधिक वर्षे गेली.

प्रारंभ तारायंत्रापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या प्रत्येक राज्याने आपापल्या तारा ओढल्या, पण त्या सरहद्दीपाशी येऊन थांबत. ३ ऑक्टोबर १८४९ रोजी प्रशिया आणि ऑस्ट्रिया ह्यांनी आपल्या तारा जोडण्याचा पहिला करार केला. १८५२ साली फ्रान्स आणि बाडेन ह्यांच्या समझोत्याने स्ट्रासबुर्ग येथे एक सामाईक तारकचेरी निघाली. तेथे दोन तारबाबू बसत. एक फ्रेंच सरकारचा नोकर, दुसरा बाडेनचा. पॅरिसहून आलेली तार फ्रेंच बाबू उतरवून घेई आणि तो कागद टेबलावरून पलीकडे सरकवी. बाडेनचा बाबू तिचे जर्मन भाषांतर करी आणि आपल्या यंत्रावरून ती पुढे धाडी. वीज क्षणात पॅरिसहून सरहद्दीवर येई, आणि तेथून पुढचा हातभर प्रवास माणसाच्या हाताने होई. दोन राज्यांमधली जोडणी म्हणजे ते टेबल आणि ते दोन नोकर.

असे सुटे सुटे करार वाढत गेले तसा गोंधळही वाढला. प्रत्येकाचे दर निराळे, नाणी निराळी, नियम निराळे. शेवटी फ्रान्सच्या निमंत्रणावरून युरोपातली वीस राज्ये पॅरिसला जमली आणि १७ मे १८६५ रोजी आंतरराष्ट्रीय तार करारावर त्यांच्या सह्या झाल्या. आंतरराष्ट्रीय तारांसाठी मोर्सचे यंत्र ठरले, हिशेबासाठी सोन्याचा फ्रँक ठरला, आणि तारेचे पैसे वाटेतल्या राज्यांनी कसे वाटून घ्यावयाचे तेही ठरले. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते कलम दुसरेच. आंतरराष्ट्रीय तार पाठविण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, असे त्या राज्यांनी मान्य केले. करार राजेरजवाड्यांचा, पण त्यात सामान्य ग्राहकाचा हक्क लिहिला गेला.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. इंग्लंड त्या १८६५ च्या परिषदेत नव्हते, कारण तेथील तारा खाजगी कंपन्यांच्या हाती होत्या. उलट हिंदुस्थानातील तारखाते सरकारी, म्हणून हिंदुस्थान १८६९ मध्येच ह्या संघात आला. इंग्लंडने १८७० साली तारा सरकारकडे घेतल्या आणि मगच ते आत आले. राज्यकर्ता मागे आणि त्याची वसाहत पुढे, असा प्रकार इतिहासात क्वचितच घडला असेल. अर्थात आपल्या वतीने तेथे बोलणारे साहेबच होते, हे विसरून चालणार नाही.

आता अमेरिकेकडे वळू, कारण जोडणी कोणी नाकारली आणि का नाकारली, हे तेथे स्वच्छ दिसते. बेल ह्याला टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. १८९३-९४ मध्ये मूळ पेटंटांची मुदत संपताच गावोगावी छोट्या टेलिफोन कंपन्या उगवल्या. कोठे शेतकऱ्यांनी वर्गणी काढून तारा ओढल्या, कोठे व्यापाऱ्यांनी. १९०७ च्या सुमारास देशातले जवळजवळ निम्मे टेलिफोन ह्या स्वतंत्र कंपन्यांचे होते. परंतु बेल कंपनी आपल्या प्रतिस्पर्ध्यांना आपल्या तारांशी जोडून घेईना. परिणाम असा की, एकाच शहरात दोन जाळी आणि दुकानदाराच्या भिंतीवर दोन टेलिफोन. डॉक्टर एका जाळ्यावर आणि रोगी दुसऱ्यावर असला, तर रोग्याने काय करावे?

बेल कंपनी हट्टी होती म्हणून असे झाले असे समजू नका. ह्यात रोकडा हिशेब आहे. समजा, एका जाळ्यावर एक लाख माणसे आहेत आणि दुसऱ्यावर एक हजार. दोन्ही जोडली तर धाकट्याच्या ग्राहकाला एक लाख नवी माणसे मिळतात, थोरल्याच्या ग्राहकाला फक्त एक हजार. म्हणून जोडणीची गरज धाकट्याला अधिक असते, आणि ती नाकारण्यात थोरल्याचा फायदा असतो; कारण जोडणी मिळाली नाही की धाकट्याचे ग्राहक हळूहळू थोरल्याच्या दारात येतात. बळी तो कान पिळी! कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या एकट्या कामगाराला हा न्याय समजावून सांगावा लागत नाही.

ही कोंडी फुटली ती सरकारच्या दट्ट्याने. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटल्याची तलवार डोक्यावर लटकू लागली, तेव्हा कंपनीचे उपाध्यक्ष नेथन किंग्सबरी ह्यांनी १९ डिसेंबर १९१३ रोजी सरकारला पत्र लिहून काही गोष्टी कबूल केल्या. त्यांतली एक अशी की, स्वतंत्र कंपन्यांना अटी पाळून आणि पैसे भरून बेलच्या लांब पल्ल्याच्या तारा वापरता येतील. एकाच शहरातल्या दोन जाळ्यांची जोडणी मात्र त्यात नव्हती. करार वाचताना त्यात काय लिहिले आहे इतकेच पाहू नये, काय गाळले आहे तेही पाहावे, हे आम्ही कामगार अनुभवाने शिकलो आहो.

मोबाईल आल्यावर हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. आता तार नव्हे, माणूसच सरहद्द ओलांडू लागला. १९८१-८२ मध्ये स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि डेन्मार्क ह्यांनी एकाच पद्धतीची मोबाईल सेवा सुरू केली आणि एका देशातला फोन दुसऱ्यात आपोआप चालू लागला. बाकीच्या युरोपात मात्र इंग्लंडची पद्धत एक, जर्मनीची दुसरी, फ्रान्सची तिसरी. ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे तेरा देशांतील पंधरा संस्थांनी एकच पद्धत स्वीकारण्याच्या करारावर सह्या केल्या. तीच जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तिच्यावरून पहिले संभाषण झाले, आणि १९९२ मध्ये फिनलंडची टेलिकॉम फिनलंड आणि इंग्लंडची व्होडाफोन ह्यांनी रोमिंगचा पहिला करार केला.

हे रोमिंग चालते कसे? आपल्याकडच्या हुंडीची आठवण करा. पेशवाईत पुण्याचा यात्रेकरू काशीला निघाला म्हणजे रोकड बरोबर नेत नसे. येथल्या सावकाराच्या पेढीवर पैसे भरून हुंडी घेई आणि काशीच्या पेढीवर ती दाखवी. काशीचा सराफ यात्रेकरूला ओळखत नसे. तो पुण्याच्या पेढीला ओळखत असे. खूण पटली की पैसे देई, आणि दोन पेढ्या आपसांतला हिशेब मागाहून मिटवीत. मोबाईलमधले सिम कार्ड म्हणजे अशीच एक हुंडी होय. त्यात एक लांबलचक क्रमांक असतो. त्याच्या पहिल्या आकड्यांवरून परक्या जाळ्याला देश आणि कंपनी कळते. आपल्या देशाचे आकडे ४०४ आणि ४०५. क्रमांक वाचताच परके जाळे आपल्या घरच्या कंपनीला विचारते, ‘हा तुमचाच माणूस काय?’ घरची कंपनी एक कोडे आणि त्याचे उत्तर पाठविते. ते कोडे सिमला घातले जाते. सिमच्या पोटात एक गुप्त किल्ली असते; तिच्या साहाय्याने सिम उत्तर काढते. दोन्ही उत्तरे जुळली की दार उघडते. खुबी अशी की, गुप्त किल्ली घर सोडून कधीच बाहेर जात नाही.

बाहेरून येणाऱ्या फोनची रीत मात्र जरा द्राविडी प्राणायामाची. तो आधी आपल्या घरच्या जाळ्यात जातो, आणि तेथून आपण असू तेथे पाठविला जातो. लंडनमध्ये एकाच टेबलाशी बसलेल्या दोन पुणेकरांपैकी एकाने दुसऱ्याला फोन लावला, तर जुन्या पद्धतीत तो फोन हिंदुस्थानात येऊन परत लंडनला जाई. त्याचे भाडे अर्थात पुणेकरांच्याच माथी!

आणि येथेच मर्माची गोष्ट येते. हुंडीचा बट्टा जसा पेढ्या ठरवीत, तसा रोमिंगचा घाऊक दर दोन कंपन्या आपसांत ठरवितात. प्रवासी त्या टेबलाशी नसतो. ज्याच्या खिशातून पैसे जावयाचे तोच वाटाघाटीत गैरहजर! असा दर स्वस्त कसा राहील? युरोपात हा दर इतका चढला की, २००७ साली युरोपीय संघाने कायद्याने कमाल मर्यादा घातली. बाहेर केलेल्या फोनला मिनिटाला ४९ सेंट, आलेल्या फोनला २४. दहा वर्षांनी, १५ जून २०१७ पासून, संघातल्या प्रवाशाला घरच्याच दराने बोलता येऊ लागले. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तेथील काही कंपन्यांनी हे शुल्क पुन्हा सुरू केले. यंत्रे तीच होती. बदलली होती ती फक्त नियमाची सक्ती.

आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम ह्यांना फोन केला आणि मोबाईलचे युग सुरू झाले. परवाने मंडळवार वाटले गेले. मुंबई हे एक मंडळ, गोव्यासह उर्वरित महाराष्ट्र हे दुसरे. त्यामुळे घाट चढून लोणावळ्याला गेलेला मुंबईकर आपल्याच राज्यात पाहुणा ठरे. आमच्या संघटनेच्या कामात ह्याचा जाच रोजचा होता. पुण्याच्या बाजूला गेलेला मुंबईचा कार्यकर्ता फोन उचलीत नसे, कारण आलेल्या फोनचेही पैसे पडत. घंटा एकदा वाजवून बंद केली की त्याने पलीकडच्या दुकानातून उलट फोन करावयाचा, असा आमचा संकेत होता.

आरंभी सरकारचे दूरसंचार खाते स्वतःच परवाना देणारे, स्वतःच प्रतिस्पर्धी, आणि जोडणीही त्याच्याचकडून मागावयाची. पंच आणि पैलवान एकच! १९९७ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, निर्माण झाले. १ मे २००३ पासून जो फोन करील त्यानेच पैसे द्यावयाचे अशी व्यवस्था लागू झाली आणि आलेला फोन फुकट झाला. फोन करणाऱ्याची कंपनी ज्या जाळ्यात फोन पोचतो त्याला मिनिटागणिक शुल्क देई. २००९ मध्ये ते २० पैसे होते. २०१५ मध्ये १४, २०१७ मध्ये ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. देशांतर्गत रोमिंगचे वेगळे शुल्कही २०१६-१७ मध्ये मोठ्या कंपन्यांनी बंद केले.

पण जुने दुखणे पूर्ण गेले असे नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आली, तेव्हा तिच्या ग्राहकांचे फोन इतर जाळ्यांत पोचेनात. दोन जाळी जेथे मिळतात त्या नाक्यांवर वाट अरुंद होती. हजारात पाचांहून अधिक फोन तेथे अडू नयेत असा नियम असता प्रत्यक्षात कितीतरी अधिक अडत होते. जुन्या कंपन्या म्हणत, ‘फुकट फोनांचा पूर आमच्या अंगावर येतो आहे.’ नवी म्हणे, ‘तुम्ही मुद्दाम वाट देत नाही.’ ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया ह्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली. जिओही काही दुबळी नव्हती. तिच्यामागे मोठे भांडवल होते. पण भांडण दोन धनदांडग्यांचे असले, तरी न लागणारा फोन साध्या माणसाचा असतो.

तो फोन किती मोलाचा असू शकतो ते कॅनडाने पाहिले. ८ जुलै २०२२ रोजी तेथील रॉजर्स कंपनीचे जाळे कोसळले आणि लक्षावधी लोकांचे फोन बंद पडले. कित्येकांना पोलीस आणि रुग्णवाहिका ह्यांचा आणीबाणीचा क्रमांकसुद्धा लागेना. शेजारीच इतर कंपन्यांचे मनोरे उभे होते. मंत्र्यांनी कंपन्यांना बोलावून घेतले, आणि त्या सप्टेंबरात एकमेकांच्या ग्राहकांना संकटात रोमिंग देण्याचा करार झाला. असा करार त्यांना आधी करता आला नसता काय? येत होता, पण करा म्हणून सांगणारे कोणी नव्हते.

स्ट्रासबुर्गच्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, आणि दोन्हींवर सरकारी नोकर होते. आजच्या टेबलाशी दोन कंपन्या बसतात. त्यांनी करार करावे, हिशेब मिटवावे, नफाही मिळवावा; माझी हरकत नाही. परंतु जेव्हा जेव्हा ही जोडणी लोकांच्या उपयोगाची झाली, तेव्हा तेव्हा तेथे लोकांच्या वतीने बोलणारी तिसरी खुर्ची होती, हे १८६५ पासूनचा इतिहास सांगतो. ट्राय आपल्या नियमांचे मसुदे जनतेपुढे ठेवते आणि त्यांवर कोणाही नागरिकाच्या सूचना मागविते. कंपन्यांचे वकील त्यांवर जाडजूड उत्तरे पाठवितात. ग्राहक संघांनी, वाचनालयांनी आणि आमच्यासारख्या संघटनांनीही ते मसुदे मागवावे, चार जणांनी बसून वाचावे आणि आपले म्हणणे साध्या शब्दांत लिहून धाडावे. त्यासाठी इंजिनियर असावे लागत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.