दोन रग्बींमधली भिंत आणि जेसन रॉबिन्सन

१८७८ साली कलकत्त्यातला एक इंग्रजी रग्बी क्लब बंद पडला. सभासद कमी झाले होते, बंगालच्या हवेत रग्बीपेक्षा टेनिस आणि पोलो बरे वाटू लागले होते. क्लबच्या खात्यात शिल्लक होते ते चांदीचे रुपये. ते वितळवून त्यांनी एक चषक घडवला आणि लंडनला रग्बी युनियनकडे पाठवून दिला. २७० रुपयांची चांदी त्यात गेली असे सांगतात. चषकाला तीन नागांचे कान आहेत आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळत आले आहेत. जुन्या विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत रग्बीचे काय काम, असे कोणी विचारले तर माझ्यापुरते उत्तर एवढेच, की त्या चषकात आपली चांदी आहे!

३ फेब्रुवारी २००७ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर हा कलकत्ता चषक इंग्लंडने ४२-२० असा जिंकला. त्या दिवशी दोनदा चेंडू रेषेपलीकडे टेकवणारा माणूस बत्तीस वर्षांचा होता. दीड वर्षापूर्वी त्याने देशासाठी खेळणे सोडले होते आणि आग्रहाखातर तो परत आला होता. नाव जेसन रॉबिन्सन. त्याची आई मूळची स्कॉटलंडची.

रॉबिन्सनची गोष्ट सांगायची तर आधी एका भिंतीबद्दल सांगावे लागेल. रग्बी नावाचे खेळ दोन आहेत. एक युनियन, पंधरा जणांचा. दुसरा लीग, तेरा जणांचा. मूळ एकच, पण १८९५ साली घर फुटले, आणि फुटले ते मजुरीवरून. यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांत आणि खाणींत काम करणारे खेळाडू शनिवारी सामन्याला गेले की त्यांचा खाडा पडे, पगार कापला जाई. उत्तरेकडच्या क्लबांची मागणी साधी होती : खाड्याची भरपाई द्या. १८९३ मध्ये लंडनच्या सभेत ही मागणी २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. ज्यांना खाडा हा शब्दच माहीत नव्हता अशा मंडळींच्या मते पैसे घेऊन खेळणे म्हणजे खेळ बाटवणे होते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या वीसहून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे १९०६ मध्ये त्यांनी संघातले दोन गडी कमी केले, नियम बदलले, आणि खेळच वेगळा झाला.

लालबाग-परळमध्ये ज्यांचे वडील-काका पाळी संपवून कबड्डीच्या मैदानात उतरत, त्यांना हे भांडण वेगळे समजावून सांगायला नको.

युनियनने मग नियम केला : लीगचा पैसा घेतला तो कायमचा बाहेर. परतीची वाट नाही. महायुद्धांत लष्कराच्या संघांमध्ये दोन्हीकडच्या सैनिकांना एकत्र खेळू दिले. युद्ध संपले की भिंत पुन्हा तशीच. कार्डिफच्या गोदीवस्तीतला बिली बॉस्टन हा कृष्णवर्णीय मुलगा १९५३ साली तीन हजार पौंडांवर विगन या लीग क्लबला गेला. विगनसाठी त्याने ४७८ ट्राय केल्या. ट्राय म्हणजे चेंडू पलीकडच्या रेषेमागे नेऊन जमिनीला टेकवणे. पण ज्या वेल्सच्या संघातून खेळायचे त्याचे स्वप्न होते, त्याचे दार त्या एका सहीने बंद झाले. त्याला 'सर' किताब मिळाला तो २०२५ मध्ये, नव्वदी पार केल्यावर.

रॉबिन्सनचा जन्म ३० जुलै १९७४ चा, लीड्सचा. वडील जमैकन, पण ते त्याच्या लहानपणी घरात नव्हतेच. सावत्र बाप होता आणि तो आईला मारी. हे सगळे त्याने पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. पोरगा बुटका, पाच फूट आठ इंच, पण पाय असे, की कबड्डीतला कसलेला चढाईपटूही बघत राहावा. समोरच्याने पकड टाकायला अंग झोकावे आणि हा तिथे नसावाच. उजव्या पायावर भार देऊन डावीकडे, पुन्हा उजवीकडे, तेही पूर्ण वेगात. मुलांच्या चित्रकथेतल्या सुसाट धावणाऱ्या बिली व्हिझचे नाव त्याला चिकटले.

१९९२ मध्ये अठराव्या वर्षी तो विगनच्या पहिल्या संघात आला. विगन तेव्हा लीगमधला सगळ्यात बलाढ्य संघ. दुसऱ्याच वर्षी ग्रेट ब्रिटनकडून खेळला. बसच्या भाड्याचे पैसे मोजणाऱ्या घरातल्या पोराच्या हातात भरपूर पैसा आला, गाव छोटे, प्रत्येक दारूच्या गुत्त्यात ओळख. आठवड्यातल्या बहुतेक रात्री तो पिऊ लागला. मैदानावर ट्राय होतच होत्या, त्यामुळे कोणी काही बोलत नव्हते. मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत भयंकर वाटते ती हीच गोष्ट : खेळ खालावला असता तर कोणाच्या लक्षात तरी आले असते. वीस-एकविसाव्या वर्षी आपले आयुष्य संपवावे असे विचार त्याच्या मनात येत होते आणि शनिवारी हजारो लोक त्याच्या नावाने ओरडत होते.

आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असा एक तरी होता. शाळेच्या संघाचा आधार, जिल्ह्याला खेळलेला, आणि नंतर 'वाया गेला' असे ज्याच्याबद्दल आपण दोन शब्दांत बोलून मोकळे होतो. कोण कसा वाया गेला याची चौकशी आपण सहसा करत नाही. रॉबिन्सनच्या बाबतीत ती एका माणसाने केली.

तो होता व्हाइगा तुइगामाला. सामोआत जन्मलेला, न्यूझीलंडच्या सुप्रसिद्ध 'ऑल ब्लॅक्स' युनियन संघातला, अंगाने खांबासारखा. १९९४ च्या सुरुवातीला तो पैशासाठी भिंत ओलांडून विगनला आला होता. तेव्हाच्या नियमाने त्याचीही परतीची वाट बंद झालेली. तो दारूला शिवत नसे, श्रद्धाळू ख्रिस्ती होता, पण प्रवचने देत फिरणारा नव्हता. रॉबिन्सनने पुढे सांगितले ते असे, की या माणसाकडे आपल्याइतकाच पैसा, आपल्याइतकेच नाव, तरी हा शांत कसा, हे कोडे त्याला पडले. मग बोलणे सुरू झाले. रॉबिन्सनने दारू सोडली, तोही श्रद्धेकडे वळला. ज्यांना देवाधर्माचे वावडे आहे त्यांनी ही गोष्ट 'एका सहकाऱ्याने विचारपूस केली' अशी वाचावी; माझ्या मते गाभा तोच आहे. क्लबचे डॉक्टर होते, प्रशिक्षक होते, व्यवस्थापक होते, पण विचारले ते शेजारी बूट बांधणाऱ्याने.

याच सुमारास, ऑगस्ट १९९५ मध्ये, जॉर्ज हॉटेलच्या सभेला शंभर वर्षे पुरी व्हायला दोन-तीन दिवस उरले असताना युनियनने पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली. भिंत पडली. मे १९९६ मध्ये लीगचा विगन आणि युनियनचा बाथ यांचे दोन सामने झाले. लीगच्या नियमांनी मँचेस्टरला विगन ८२-६ जिंकले, युनियनच्या नियमांनी ट्विकनहॅमला बाथ ४४-१९. शंभर वर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या भावांनी एकमेकांच्या घरी जेवायला जावे आणि दोघांनाही दुसऱ्याकडचे तिखट झेपू नये, तसे ते झाले.

त्या हिवाळ्यात रॉबिन्सन थोडे दिवस बाथकडून खेळून पाहून आला. मग पुन्हा विगन. १९९८ च्या लीग अंतिम सामन्यात विगनने लीड्सला, म्हणजे त्याच्याच गावाला, १०-४ असे हरवले; विगनची एकमेव ट्राय त्याची. २००० च्या अखेरीस त्याने कायमची वाट बदलली आणि सेल या युनियन क्लबला गेला. फेब्रुवारी २००१ मध्ये इंग्लंडकडून पदार्पण. मोजक्या वेळा बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या या नवख्याला ब्रिटिश-आयरिश लायन्स संघाने ऑस्ट्रेलियाला नेले. ३० जून २००१, ब्रिस्बेन. तिसऱ्याच मिनिटाला डाव्या कडेला त्याच्या हाती चेंडू आला. समोर फक्त ख्रिस लॅथम, आणि कडेची रेषा इतकी जवळ की बाहेरून जायला जागा नाही. तो बाहेरूनच गेला.

२२ नोव्हेंबर २००३ ला सिडनीत युनियनच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या लोट तुकिरीने रॉबिन्सनच्या डोक्यावरून उडी मारून पहिली ट्राय केली. उंचीतला फरक सगळ्या जगाने पाहिला. मध्यंतराच्या थोडे आधी रॉबिन्सनने घसरत जाऊन परतफेड केली. इंग्लंड जादा वेळेत २०-१७ जिंकले. विल्किन्सनची शेवटची किक सर्वांना आठवते, पण इंग्लंडची ट्राय एकच होती आणि ती रॉबिन्सनची. तुकिरी आणि त्याचे दोन सहकारीही लीगमधून आलेले. त्यांतला वेंडेल सेलर रॉबिन्सनपेक्षा फक्त दोन आठवड्यांनी मोठा, १६ जुलै १९७४ चा. विंगवर खेळणारा, हसतमुख, गर्दीचा लाडका. २००६ मध्ये सामन्यानंतरच्या चाचणीत त्याच्या शरीरात कोकेन सापडले. करार गेला, दोन वर्षांची बंदी आली, तेही बत्तिशीच्या उंबरठ्यावर, जेव्हा दोन वर्षे म्हणजे जवळपास सगळेच.

या दोघांना शेजारी ठेवून एक शहाणा आणि एक मूर्ख असे ठरवणे फार सोपे आहे. मला ते पटत नाही. एकाचा पाय विसाव्या वर्षी घसरला, जेव्हा चाचण्यांत काही सापडण्यासारखे नव्हते, कारण दारूला बंदी नव्हती. दुसऱ्याचा एकतिसाव्या वर्षी, सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर. सेलर २००८ मध्ये परतला, पुन्हा लीगमध्ये, सेंट जॉर्ज इलावाराकडून, आणि दोन हंगाम खेळून सन्मानाने थांबला.

रॉबिन्सन २००४ मध्ये इंग्लंडच्या युनियन संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. लीगमधून आलेला पहिला कर्णधारही तोच. ज्यांना शंभर वर्षे दारात उभे केले नव्हते, त्यांच्यातला. २००६ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली सेलने इंग्लंडची लीगवार अजिंक्यपद स्पर्धा ट्विकनहॅमला ४५-२० अशी जिंकली. मग वर सांगितलेला कलकत्ता चषक, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये पॅरिसला दुसरा विश्वचषक अंतिम सामना. तो इंग्लंड हरले. खांदा दुखावून तो मैदानाबाहेर गेला.

तुइगामालालाही भिंत पडल्याचा लाभ झाला. तो युनियनमध्ये परतला, न्यूकॅसलबरोबर १९९८ मध्ये इंग्लंडचे अजिंक्यपद जिंकला, सामोआकडून खेळला. खेळणे थांबल्यावर त्याने ऑकलंडमध्ये अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय काढला, मुख्यतः आपल्या बेटांवरच्या लोकांसाठी. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी तो गेला, तेव्हा बावन्न वर्षांचा होता.