तांब्याच्या वेटोळ्याची गोष्ट

दूध तापवल्याबरोबर विरजण लावून चालत नाही, हे घराघरात ठाऊक असते. दूध कोमट होऊ द्यावे लागते. पण ते फार वेळ उघडे राहिले तर नासायची भीती. बिअर तयार करणाऱ्यांपुढे शतकानुशतके नेमका हाच पेच होता. तो सोडवता सोडवता माणसाने काय काय शोधून काढले, ते पाहण्यासारखे आहे.

मोड आणून वाळवलेले सातू गरम पाण्यात भिजवले की एक गोड रस निघतो. त्याला म्हणतात वर्ट. हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून हा रस तासभर उकळतात. मग यीस्ट घालून तो आंबवायचा. उकळत्या रसात यीस्ट मरते, म्हणून रस साधारण २० अंश सेल्सियसपर्यंत निवावा लागतो. मात्र तो कोमट झाला की हवेतल्या जंतूंनाही मेजवानीच! यीस्ट घालण्यापूर्वीचा हा वेळ सगळ्यात धोक्याचा.

जुन्या युरोपात हा रस उथळ, पसरट हौदात रात्रभर ठेवत. हौद बहुधा माळ्यावर असे आणि वारा खेळावा म्हणून खिडक्यांना झडपा असत. हिवाळ्यात हे जमून जाई. उन्हाळ्यात मात्र बिअर नासे. अखेर १५५३ मध्ये बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने हुकूमच काढला, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायची नाही. म्हणजे वर्षातले पाच महिने भट्ट्या बंद! उन्हाळ्याची बेगमी म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ठेवत. तळघरात तलावांतला बर्फ रचत आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावत. हिवाळा सौम्य गेला की बर्फाची टंचाई आलीच.

बिअर नासते कशाने, याचा उलगडा लुई पाश्चरने केला. १८७६ मध्ये बिअरवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोष नशिबाचा नाही, सूक्ष्म जंतूंचा आहे, हे त्याने दाखवले. साहजिकच रस उघड्यावर न ठेवता झटपट थंड करण्याला महत्त्व आले. नळ्यांतून गार पाणी खेळवायचे आणि त्यांच्यावरून वर्टची पातळ धार सोडायची, असे शीतक कारखान्यांत वापरात आले.

पण गार पाणी उन्हाळ्यात आणायचे कुठून? इथे म्युनिकचे प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे पुढे आले. श्पाटेन या कारखान्याचे मालक गाब्रिएल झेडलमायर यांच्या पाठबळावर त्यांनी १८७० च्या दशकात शीतयंत्र उभे केले. तळघरे बारमाही थंड राहू लागली आणि ऋतूची सक्ती संपली. लिंडे एवढ्यावर थांबले नाहीत. १८९५ मध्ये त्यांनी मोठ्या प्रमाणावर हवेचा द्रव करून दाखवला आणि पुढे त्यातून प्राणवायू वेगळा काढला. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून नागपूर-नाशिकला रेल्वेने प्राणवायूचे टँकर आले, ते आपल्याला आठवत असतील. त्या द्रवरूप प्राणवायूचे कूळ असे बिअरच्या तळघरापर्यंत जाऊन पोचते.

मग आपले वेटोळे आले कुठून? अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, तरी घरी बिअर करायला केंद्रीय कायद्याने मुभा नव्हती. ती देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली. हौशी मंडळी कामाला लागली आणि त्यांच्यापुढेही तोच जुना पेच उभा राहिला. २० लिटर रसाचे पातेले नुसते ठेवले तर निवायला रात्र जाते. उत्तर नळकामाच्या दुकानात सापडले. बोटाएवढ्या जाडीची १५ मीटर तांब्याची नळी घ्यायची, एखाद्या डब्याभोवती गुंडाळून तिचे वेटोळे करायचे आणि दोन्ही टोकांना रबरी नळ्या जोडायच्या. उकळी संपायच्या पाऊण घटका आधी वेटोळे रसात बुडवले की ते आपोआप निर्जंतुक होते. मग नळ सोडायचा. आतून गार पाणी धावते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. अर्ध्या तासात काम फत्ते. तांबेच का? स्टेनलेस स्टीलपेक्षा ते उष्णता वीसपटींहून अधिक चांगली वाहून नेते. नळी मात्र हलक्या हाताने वाकवावी लागते. कोपरा पडला की पाणी अडलेच.

हातभट्टीच्या नळीशी याची गल्लत करू नये. तिथे वाफ थंड करून दारू गाळतात. इथे गाळायचे काहीच नसते, नुसता रस निववायचा. अर्थात, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणेही गुन्हाच आहे.

ज्या अडचणीपायी ड्यूकने पाच महिने भट्ट्या बंद ठेवल्या, ती आज स्वयंपाकघरातल्या ओट्यावर अर्ध्या तासात सुटते. पाश्चरने कारण सांगितले, लिंडेंनी यंत्र दिले. घरच्या हौशी माणसाला त्यातली नळी आणि नळाचे पाणी एवढेच पुरले.