मातीची पानं, नायलॉन आणि उष्णतेची कसोटी

मागच्या व्याख्यानात आपण टायरच्या रबरातल्या काजळीपर्यंत आलो होतो. बारीक कण मिसळले की पदार्थ बळकट होतो, हे तिथे पाहिलं. आज मातीकडे वळू. आणि प्रश्न जरा वेगळा आहे: प्लास्टिक उष्णतेत टिकावं म्हणून त्यात माती घालायची, तर ती माती त्यात पसरायची कशी?

आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या फुगण्यामागे स्मेक्टाइट गटातली खनिजं आहेत. माँटमोरिलोनाइट हे त्याच कुटुंबातलं. नाव फ्रान्समधल्या एका गावावरून पडलेलं. त्याचा एकेक थर सुमारे 1 नॅनोमीटर जाड, रुंदी मात्र त्याच्या शंभरपट किंवा जास्तच. वहीच्या पानांसारखे हे थर एकावर एक बसलेले असतात आणि मधल्या फटींत सोडियमचे आयन असतात. पाणी तिथे सहज शिरतं. वितळलेलं प्लास्टिक शिरत नाही. नुसती माती ढवळली तर पानं सुटत नाहीत, वहीच्या वही तशाच प्लास्टिकात पडून राहतात. मग नॅनो कसलं आलंय, ती साधी भेसळ झाली!

यावरचा उपाय जुनाच होता. सोडियम काढून त्या जागी लांब कार्बनसाखळीचा अमोनियम आयन बसवायचा, म्हणजे पाण्याशी सलगी असलेली माती तेलकट द्रव्यांनाही आपलंसं करते. जॉर्डन यांनी 1949 मध्ये अशा मातीवर शोधनिबंध लिहिला होता. जपानच्या युनिटिका कंपनीने 1976 मध्ये नायलॉन आणि मातीच्या मिश्रणासाठी पेटंट अर्जही केला होता. म्हणजे सगळं टोयोटापासून सुरू झालं, असं जे सर्रास सांगितलं जातं ते तितकंसं खरं नाही.

पण टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेत ओकादा, उसुकी, कावासुमी, कोजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या मध्यात जे केलं, त्यात खरी गंमत आहे. त्यांनी निवडलेल्या रेणूला दोन टोकं होती. बारा कार्बनचं अमिनो आम्ल: एक टोक मातीला चिकटणारं, दुसरं नायलॉनच्या कच्च्या मालाशी, म्हणजे कॅप्रोलॅक्टमशी, अभिक्रिया सुरू करणारं. लहान साखळीची आम्लंही त्यांनी तपासली, पण त्यांनी माती पुरेशी फुगेना. बाराला जमलं. मग कॅप्रोलॅक्टम फटीत शिरलं आणि नायलॉनची साखळी तिथेच, दोन पानांच्या मध्ये वाढू लागली. वाढता वाढता तिनेच पानं एकमेकांपासून दूर लोटली. बाहेरून ढवळून जे होत नव्हतं, ते आतून झालं.

1993 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे बघा. वजनाने पाच टक्क्यांहूनही कमी माती, आणि भाराखाली नायलॉन वाकू लागण्याचं तापमान 65 अंश सेल्सियसवरून जवळपास 150 अंशांवर गेलं. ताणशक्ती साधारण दीडपट, ताठपणा जवळपास दुप्पट. इंजिनाजवळच्या टायमिंग बेल्टच्या आवरणासाठी हे द्रव्य वापरात आलं. इथे एक सावधगिरी मात्र हवी. भाराखाली वाकण्याचं तापमान वाढलं, याचा अर्थ नायलॉनचा वितळणबिंदू वाढला असा नाही. तो साधारण 220 अंशांच्या आसपासच राहतो. जाहिरातींत या दोन गोष्टींची हमखास सरमिसळ होते.

त्याच वर्षी कॉर्नेलमध्ये वाया, इशी आणि जियानेलिस यांनी दाखवलं की तयार पॉलिमर वितळवूनही फटींत शिरवता येतो. कारखानदारांना हे फार आवडलं, साहजिकच आहे. यंत्रं तीच, फक्त एक पोतं जास्तीचं.

आणि इथेच गाडं अडलं. लांब साखळीचे अमोनियम आयन सुमारे 200 अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली, तुटायला लागतात. पॉलिस्टायरीनला ते चालून गेलं. पण खरी उष्णतारोधक प्लास्टिकं वितळवायची तर 300 अंशांच्या घरात जावं लागतं. ज्या रेणूच्या जोरावर माती पसरायची, तोच आधी करपणार. पानं पुन्हा मिटणार, प्लास्टिक पिवळं पडणार. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा हा आहे. उष्णता माती सोसते, पॉलिमर सोसतो, त्यांची गाठ बांधणारा मध्यस्थ सोसत नाही.

पॉलिइमाइडमध्ये टोयोटाच्याच मंडळींनी वाट वळसा घालून काढली. आधी द्रावणात, कमी तापमानाला, पॉलिमरच्या पूर्वरूपात माती पसरवली, फिल्म ओतली आणि मगच ती 300 अंशांपर्यंत तापवली. तोवर पानं आपापल्या जागी बसलेली असतात. 2 टक्के मातीने त्या फिल्ममधून वायू झिरपण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. फिल्मपुरतं हे छान. जाड साचेबंद भागातून एवढं द्रावक बाहेर काढायचं कसं?

दुसरी वाट मध्यस्थच बदलण्याची. 2002च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत गिलमन आणि सहकाऱ्यांनी अमोनियमऐवजी इमिडाझोलियमचे क्षार बसवले. ते बरीच जास्त उष्णता सोसतात, पण महाग पडतात. सिलिकाचे गोल कण घेतले तर सिलेन वापरता येतं. त्याचा बंध कणाच्या पृष्ठभागाशी थेट जुळतो, मातीसारखी आयनांची अदलाबदल लागत नाही. पुढच्या व्याख्यानात त्या सिलेनकडे येऊ.