बेड्यांतून संसदेपर्यंत : पाळक हेन्री हायलँड गार्नेट आपले का आहेत?

गुलामगिरीच्या इतिहासावर अभ्यासवर्ग घेताना आम्ही एका कृष्णवर्णीय ख्रिस्ती पाळकाचे नाव घेतले, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने रोखठोक विचारले, "आपण बौद्ध. पाद्र्याचे स्मरण आपण कशाला करायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

अमेरिकेतील गुलामगिरी कोणी संपवली, असे विचारले की आपल्याकडे लगेच उत्तर येते, अब्राहम लिंकन. म्हणजे शोषितांना कोणीतरी वरून मुक्ती दिली! हीच मांडणी आपल्याबाबतही केली जाते. सुधारकांनी दया दाखवली म्हणून अस्पृश्यता गेली, असे पाठ्यपुस्तकी ज्ञान आपल्याला पाजले जाते. महाड आणि काळाराम त्यात दोन ओळींत उरकतात. म्हणून गुलामांनी स्वतः दिलेला लढा समजून घेणे आपल्याला गरजेचे आहे.

हेन्री हायलँड गार्नेट यांचा जन्म 1815 साली मेरीलँडमध्ये, गुलामीतच झाला. 1824 मध्ये एका अंत्यविधीला जाण्याची परवानगी काढून हे कुटुंब निघाले, ते परत आलेच नाही. ते न्यूयॉर्कला पोहोचले. पण काही वर्षांनी गुलाम पकडणारे तिथेही आले. हेन्री तेव्हा जहाजावर काम करत होता. परत येऊन पाहतो तर घर उद्ध्वस्त आणि कुटुंब पांगलेले. या पोराने सुरा विकत घेतला आणि पकडणाऱ्यांची वाट पाहत ब्रॉडवेवर फिरू लागला. मित्रांनी समजावून त्याला लपवले.

पुढचा प्रसंग आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. 1835 साली न्यू हॅम्पशायरमधील कॅनान गावी नॉईज अकॅडमी नावाची शाळा निघाली. तिथे काळी आणि गोरी मुले एकत्र शिकणार होती. गार्नेट, अलेक्झांडर क्रमेल हे मित्रांसह दूरचा प्रवास करून तिथे गेले. वाटेत अपमान सोसले. काही महिन्यांतच गोऱ्या गावकऱ्यांनी बैलांच्या जोड्या जुंपल्या आणि शाळेची इमारत जागेवरून ओढून नेली! शोषितांच्या हाती पुस्तक आले की व्यवस्था किती घाबरते, याचा याहून उघड पुरावा कोणता? गोरेगावच्या प्रवासात भीमराव आणि भावंडांची जात कळताच गाडीवाल्याने बैलगाडी हाकायला नकार दिला होता, हे आपण 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये वाचले आहे. देश वेगळा, पण माणूसपण नाकारण्याची रीत तीच.

तरीही गार्नेट शिकले. पायाच्या दुखण्यामुळे ऐन तारुण्यात त्यांचा एक पाय कापावा लागला. पुढे ते न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील लिबर्टी स्ट्रीट प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक झाले.

इथे धर्माचा मुद्दा येतो. प्रेस्बिटेरियन महासभेने 1818 सालीच गुलामगिरी चुकीची असल्याचे जाहीर केले होते. पण गुलाम बाळगणाऱ्यांना मंडळीबाहेर काढण्याची हिंमत तिने दाखवली नाही. ठराव कागदावर आणि मालक पहिल्या बाकावर! गुलामांना मात्र मालकाची आज्ञा पाळण्याचा उपदेश. गार्नेट यांनी हा उपदेशच उलटा केला. 1843 मध्ये बफेलो येथील कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांनी थेट गुलामांना उद्देशून भाषण केले. गुलामीत माणूस देवाच्या आज्ञा पाळू शकत नाही, म्हणून गुलामी मुकाट्याने स्वीकारणे हेच पाप, प्रतिकार हेच कर्तव्य, असा त्यांचा युक्तिवाद होता. फ्रेडरिक डग्लस यांनी त्याला विरोध केला. भाषण अधिवेशनाच्या नावाने प्रसिद्ध करण्याचा प्रस्ताव पहिल्या मतदानात 18 विरुद्ध 19, म्हणजे अवघ्या एका मताने पडला.

मित्रांनो, पुढे काय झाले ते महत्त्वाचे. गार्नेट आणि डग्लस यांचे मतभेद वर्षानुवर्षे टिकले. पण 1863 मध्ये यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांची भरती करायची वेळ आली, तेव्हा दोघेही एकाच कामाला लागले. एका निवडणुकीवरून, एका मंचावरच्या खुर्चीवरून एकमेकांची तोंडे न पाहणाऱ्या आपल्या गटांनी यातून काही घ्यावे.

त्याच वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांना शोधून शोधून मारले. गार्नेट तेव्हा तिथल्या शायलो प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. मुलीने प्रसंगावधान राखून दारावरची नावाची पाटी कुऱ्हाडीने उखडली, म्हणून ते वाचले. त्यानंतर ते दंगलग्रस्तांच्या मदतीत गुंतले. लोकांनी त्यांच्यावर जीव लावला तो यामुळे.

12 फेब्रुवारी 1865 रोजी त्यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या सभागृहात प्रवचन दिले. तिथे बोलणारे ते पहिले कृष्णवर्णीय. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती नुकतीच तिथे संमत झाली होती. गार्नेट यांनी नुसते आभार मानले नाहीत. मुक्तीबरोबर मताधिकार आणि शिक्षणही मागितले. 1881 मध्ये ते अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून लायबेरियाला गेले आणि फेब्रुवारी 1882 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. जोतीराव फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. 1873 साली 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या लोकांत गार्नेटही येतात, असे आम्ही मानतो. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाच्या प्रती मागवल्या. हे नाते आपल्या महापुरुषांनीच जोडले आहे.

गार्नेट यांचा देव आपला नाही. जात आणि गुलामगिरी एक नाहीत, हेही खरे. बाबासाहेबांनी त्यांतला फरक बारकाईने मांडला आहे. गार्नेट यांनी धर्म सोडला नाही, आतून जाब विचारला. आपण 1956 साली धम्माचा मार्ग निवडला. पण धर्म माणसाला गुलामीत ठेवत असेल तर त्याला माणसाच्या न्यायालयात उभे केलेच पाहिजे, यावर दोन्ही वाटा एक होतात.

म्हणून येत्या फेब्रुवारीत आपापल्या विहारात, अभ्यासिकेत एक तास गार्नेट यांच्यासाठी द्या. हार नको, फुले नकोत. ओढून नेलेल्या त्या शाळेची गोष्ट मुलांना सांगा आणि मग त्यांच्या हातात पुस्तक द्या.

जय भीम! जय जोती!