दिवाणखान्यांतील गाणें

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, महाविद्यालयांत शिकत असतां, एका वयोवृद्ध गवयांचें गाणें अगदीं समोर बसून ऐकण्याचा योग आम्हांस आला. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आम्हांस जवळजवळ पाठ होत्या. मोठ्या नाट्यगृहांत, मागच्या रांगेंतून, ध्वनिवर्धकाच्या द्वारें त्यांना दोनदां ऐकलेंहि होतें. या खेपेस मात्र स्थळ होतें एका जुन्या वाड्यांतील दिवाणखाना. श्रोते फार तर चाळीस, ध्वनिवर्धक नाहीं. तंबोरे जुळावयास बराच वेळ लागला, आणि तो वेळ कोणास जड वाटला नाहीं. बुवांनीं षड्ज लावला तेव्हां स्वराच्या आधीं घेतलेला श्वास आम्हांस ऐकूं आला. पुढें एका समेवर पहिल्या ओळींतील एक म्हातारे गृहस्थ स्वतःशींच बोलावें तसें ‘वाः’ म्हणाले. बुवांनीं वळून पाहिलें, किंचित् हंसले, आणि तीच जागा आणखी तीन निराळ्या वाटांनीं घेऊन दाखविली. त्या तीन वाटा त्या गृहस्थांवांचून निघाल्या नसत्या, असें आम्हांस तेव्हां वाटलें व आजहि वाटतें.

त्या रात्रीची गोडी अवीट होती, एवढें सांगून हा विषय सोडून देतां आला असता. परंतु आमचा धंदा इतिहास शिकविण्याचा असल्यामुळें दुसरा एक प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला: ती खोली कोठून आली, आणि तींत बसण्याचा अधिकार कोणास होता?

ख्यालगायन वाढलें तें मुख्यतः अशाच खोल्यांतून. राजेरजवाड्यांचे महाल, सरदारांचे वाडे, कलावंतिणींच्या माड्या, हीं त्याचीं माहेरघरें. बिछायत अंथरलेली, लोड-तक्के मांडलेले, अत्तरगुलाब व पानसुपारी झालेली, आणि घड्याळाची कोणास आठवण नाहीं, अशा ठिकाणीं एकच राग तासभर फुलवीत नेणें शक्य होतें. गवयाचा आवाज पांचपंचवीस हातांपलीकडे पोंचविण्याची गरज नसल्यामुळें कणस्वर, मींड, श्रुतींचे बारीक भेद यांवर कारागिरी करावयास त्यास मोकळीक मिळाली. समोरचा श्रोता ओळखीचा, त्याची आवड ठाऊक, त्याचा चेहरा दिसत असलेला. त्यामुळें गाणें हें कांहीं अंशीं संभाषणच असे. पुढें तव्याच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावूं लागलें, तेव्हां मोठमोठ्या गवयांनीं त्या तीन मिनिटांतहि अप्रतिम काम करून ठेविलें आहे. तथापि तो अर्क होय. ज्या वृक्षापासून तो काढला, तो दिवाणखान्यांत वाढलेला.

महाराष्ट्रांत ख्यालाचें बीं रुजविणाऱ्यांत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांचें स्थान पहिलें. ग्वाल्हेरची गायकी त्यांनीं कष्टानें संपादिली व या प्रांतीं आणिली. याच सुमारास बैठकीचें यजमानपद हळूंहळूं बदलूं लागलें होतें. १८७४ मध्यें पुण्यास गायन समाज स्थापन झाला. १८८३ मध्यें कोल्हापुरास देवल क्लबाचा आरंभ झाला. १९११ मध्यें भास्करबुवा बखले यांनीं पुण्यास भारत गायन समाज काढला. सरदाराच्या मर्जीऐवजीं सभासदांची आस्था, असा हा पालट होता. वकील, शिक्षक, कारकून अशीं माणसें एकत्र येऊन गवयास बोलावूं लागलीं. खोली लहानच राहिली, पण तिचा धनी एकटा उरला नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं जुनी बैठक हा सुवर्णकाळ होता. आम्हीहि पुष्कळ वर्षें तसेंच समजत होतों. परंतु अल्लादियाखांसाहेबांच्या चरित्रांतील एक प्रसंग या समजुतीस धक्का देतो. तरुणपणीं एका लहान संस्थानांत असतां तेथील अधिपतीस त्यांच्या गाण्याचा इतका नाद लागला कीं त्यानें त्यांना दिवसचे दिवस गावयास लाविलें, व त्या श्रमानें त्यांचा कंठ बसला. बऱ्याच काळानें तो परत आला तो पूर्वींचा नव्हता. त्या बदललेल्या आवाजास झेपेल अशी, लयीशीं बिकट खेळ खेळणारी गायकी त्यांनीं घडविली, आणि तीच आज जयपूर-अत्रौली या नांवानें मान्य आहे. पुढें कोल्हापुरास छत्रपति शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. १९२२ मध्यें महाराज निवर्तल्यावर ते मुंबईस गेले व १९४६ मध्यें तेथेंच वारले. नुकसानींतून एक घराणें निर्माण झालें, हें त्यांच्या प्रतिभेचें श्रेय. त्या अधिपतीच्या रसिकतेचें नव्हे. गवई व श्रोता यांत चार हातांचें अंतर असलें म्हणजे जिव्हाळा उत्पन्न होतो हें खरें; पण त्या चार हातांत एक धनी व दुसरा चाकर असूं शकतो, हेंहि तितकेंच खरें.

स्त्रियांच्या बाबतींत तर हें अधिकच जाणवतें. खोलींत गाणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. त्यांचें गाणें ऐकण्यास मोकळेपणीं बसूं शकणाऱ्या घरंदाज स्त्रिया विरळा. जिच्या गळ्यास दाद द्यावयाची तिच्या घरीं पाणी प्यावयाचें नाहीं, अशी आमच्या प्रतिष्ठित समाजाची रीत होती. मोगूबाई कुर्डीकर यांच्या वाट्यास दौऱ्यांवर आलेली अप्रतिष्ठा त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनीं बालपणीं पाहिली, आणि पुढें कलावंताच्या मानाविषयीं त्या जन्मभर करारी राहिल्या. त्यांच्या करारीपणास लहर म्हणणारांनीं त्याचें मूळ कोठें आहे हें पाहिलें नाहीं.

दार उघडलें तें खोलीबाहेरून. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें तें लोकांच्या पैशावर, आणि गायनाचे जाहीर जलसे करून. रंगभूमीनेंहि मोठा हातभार लाविला: १९१६ मध्यें रंगमंचावर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांस भास्करबुवांनीं चाली दिल्या, आणि जे राग ऐकण्यास पूर्वीं आमंत्रण लागे, ते बालगंधर्वांच्या मुखानें पिटांतील प्रेक्षकाच्याहि कानीं पडले. १९२७ मध्यें मुंबईस नभोवाणी सुरू झाली. हिराबाई बडोदेकर यांनीं तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. तिकीट विकत घेणारा श्रोता गवयावर हुकूम चालवूं शकत नाहीं, व गवई त्यास जात विचारूं शकत नाहीं. या रोकड व्यवहारानें जी समता आणिली ती रसिकतेच्या शेंकडों वर्षांनीं आणिली नव्हती. १९५३ पासून पुण्यास सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ जो उत्सव होत आला, त्यांत हजारों माणसें मांडवांत बसून ऐकतात. त्यांतील किती जणांच्या आजोबांस त्या वाड्याची पायरी चढतां आली असती?

या विस्ताराची किंमतहि आहे. ध्वनिवर्धकामुळें गळा मोठा करण्याची गरज उरली नाहीं, पण अंधारांत बसलेल्या हजारोंचा चेहरा गायकास दिसत नाहीं. त्यास ऐकूं येतात त्या टाळ्या, आणि टाळी ही बहुधा द्रुत तानेस पडते. हळूच निघालेला ‘वाः’ मांडवांत विरून जातो. अलीकडे शहरांतून पुन्हां घरगुती बैठका भरूं लागल्या आहेत, त्याचें कारण हीच भूक असावी. त्याचा आम्हांस आनंद वाटतो. म्हणूनच एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

त्या वाड्यांतील त्या रात्रीं स्वयंपाकघराच्या दारांत एक बाई उभ्या होत्या. सर्वांस चहा देऊन झाल्यावर त्या चौकटीस टेकून ऐकत राहिल्या. बुवा समेवर येत तेव्हां त्यांची मान अचूक हाले. आमची अनेकदां चुकली. मध्यरात्र उलटेपर्यंत त्या उभ्याच होत्या. आमच्या शेजारीं एका माणसापुरती जागा रिकामी होती. सरकून ‘या, बसा’ म्हणण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. दुसऱ्या कोणासहि सुचलें नाहीं. बुवांची भैरवी आम्हांस आज नीटशी आठवत नाहीं. ती रिकामी जागा मात्र आठवते. घरीं बैठक भरविणारांनीं खोली लहान ठेवावी, ध्वनिवर्धक खुशाल काढून टाकावा. पण गाणें सुरू होण्यापूर्वीं दाराकडे एकदां पाहून घ्यावें.