मर्जीची सोय, हक्काची सोय

स्वमग्नतेचं निदान ज्याच्यापासून सुरू झालं, तो माणूस आयुष्यभर बँकेत नोकरी करत होता. डोनाल्ड ट्रिपलेट त्याचं नाव. १९३३ मध्ये अमेरिकेत, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावी त्याचा जन्म झाला. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवर शोधनिबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा हाच. पुढे तो पदवीधर झाला आणि गावातल्या बँकेत लागला. बँक त्याच्या आजोळची होती. त्याचं बोलणं, त्याच्या सवयी, त्याचं आकड्यांचं वेड सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि गावाने त्याला तसंच सामावून घेतलं. २०२३ मध्ये, ८९व्या वर्षी तो गेला.

कॅनरनी १९७१ मध्ये त्या अकराजणांचा पुन्हा मागोवा घेतला. दुसऱ्या क्रमांकाचा फ्रेडरिक एका कचेरीत प्रती काढायच्या यंत्रावर काम करत होता आणि वरिष्ठ त्याच्यावर खूश होते. ज्यांची सरकारी मनोरुग्णालयात रवानगी झाली, त्यांनी मात्र अंगी होतं तेही गमावलं होतं. कोण कुणाच्या पदरी पडलं, यावर कितीतरी ठरलं. मी स्वतः स्वमग्न आहे आणि पुण्यात एका कंपनीच्या हिशेब खात्यात काम करते. कामाच्या जागी मिळणाऱ्या सोयीचा इतिहास मी वाचू लागले, तेव्हा मला हाच धागा सगळीकडे दिसला. ही सोय आधी कुणाच्या तरी मर्जीने मिळत आली आणि तिचा हक्क व्हायला माणसांना झगडावं लागलं.

सोय करून देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, ही कल्पना आधी अपंगत्वाच्या संदर्भात आलीच नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये नागरी हक्क कायद्यात दुरुस्ती झाली, ती धर्मपालनासाठी. शनिवारी काम न करणाऱ्या माणसाला, धंद्याला फार तोशीस पडणार नसेल तर, पाळी बदलून द्यावी, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी पुनर्वसन कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंग व्यक्तींशी भेदभाव करता येणार नाही, असं त्याच्या ५०४व्या कलमात होतं, पण त्याचे नियम काही निघेनात. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये अपंग हक्कांसाठी लढणाऱ्या ज्युडी ह्यूमन आणि त्यांच्या शंभरावर साथीदारांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्र सरकारच्या कार्यालयात ठाण मांडलं. व्हीलचेअरवरची माणसं तिथेच जमिनीवर झोपत होती आणि ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते त्यांना जेवण पोचवत होते. महिना संपायच्या आत नियमांवर सही झाली. नोकरीत वाजवी सोय द्यायची, हे त्या नियमांत आलं. तेच तत्त्व १९९० च्या अमेरिकी कायद्यात आणि १९९५ च्या ब्रिटिश कायद्यात गेलं.

पण सोय म्हटल्यावर डोळ्यासमोर यायचा तो रॅम्प किंवा ब्रेल. डोक्यावरच्या ट्यूबलाइटची फडफड, एकाच वेळी बोलणारी चार माणसं, चालता चालता तोंडी सांगितलेलं काम, हे कुणाला अडथळे वाटतच नव्हते. त्यात स्वमग्नता म्हणजे लहान मुलांची गोष्ट, असाच समज होता. ती मुलं मोठी होतात, त्यांनाही पोट असतं, याचा विचार फार उशिरा झाला. लंडनमध्ये १९९४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय ऑटिझम संस्थेने प्रौढांना नोकरी मिळवून देणारी आणि नोकरीत आधार देणारी सेवा सुरू केली. २००४ मध्ये डेन्मार्कच्या थॉर्किल सोन्ने यांनी, मुलाचं निदान झाल्यावर, स्वमग्न प्रौढांना सॉफ्टवेअर तपासणीचं काम देणारी कंपनी काढली. सॅप या कंपनीने २०१३ मध्ये जगभरासाठी असा उपक्रम जाहीर केला, त्याआधी तो बंगळुरूत करून पाहिला होता.

आपल्याकडचा रस्ता वेगळ्या वळणाने आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण त्या कायद्याचा भर पालकत्वावर. आईवडिलांच्या मागे या मुलाचं कोण, हा त्यातला प्रश्न खराच होता. हे मूल उद्या नोकरीला लागेल तेव्हा काय, हा प्रश्न त्यात नव्हता. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली आणि नऊ वर्षांनी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ झाला. प्रकार एकवीस झाले, स्वमग्नता त्यांत आली. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण ठरलं आणि त्यातला एक टक्का ज्या गटाला मिळाला त्यात आम्हीही आलो. वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं कायद्याने म्हटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने बजावलं, की ही सोय हा समान हक्काचाच भाग आहे आणि ती त्या माणसाची गरज पाहून, त्याच्याशी बोलून ठरवायची.

२०१६ चा हा कायदा अमलात आला तेव्हा माझं निदानच झालं नव्हतं. माझे पहिले साहेब मोठे समंजस. त्यांनी मला भिंतीकडे पाठ असलेलं टेबल दिलं, वरची ट्यूब काढून घेतली आणि काम ईमेलवर पाठवायला सुरुवात केली. कारण विचारलं नाही. त्यांची बदली झाली आणि महिन्याभरात सगळं मोडलं. टेबल रोज वेगळं, सूचना तोंडी, बैठका ऐनवेळी. काम तेच, मी तीच, पण संध्याकाळी घरी पोचले की शब्द फुटत नसे. साहेबांच्या चांगुलपणावर उभं राहिलेलं घर साहेबांबरोबर गेलं.

त्यानंतर मी निदान करून घेतलं. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात, तिच्यात चाळीस विधानं असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. नजरेला नजर देते का, एकटीच राहते का, आवाजाचा त्रास होतो का. पांढरे केस डोकावू लागलेली मी खुर्चीत बसले होते आणि डॉक्टर माझ्या आईला माझ्या बालपणाबद्दल विचारत होते. आई एकेक उत्तर तिच्या पद्धतीने सविस्तर देत होती. कुकरची शिट्टी होण्याआधी मी कान झाकून अंगणात पळायचे, हे तिने सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न मला विचारला. आजच्या ऑफिसातल्या आवाजांबद्दल.

प्रमाणपत्र हाती आल्यावर मी मनुष्यबळ विभागाला एक पानाचं पत्र दिलं. चारच मागण्या. ठरलेलं टेबल. काम लेखी. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी. महिनाअखेरीला हेडफोन लावायची मुभा. यातल्या कशालाही कंपनीचा पैसा लागला नाही. ते पत्र माझ्या नोंदीत लागलं आणि त्यानंतर दोन साहेब बदलले, पण माझं टेबल हललं नाही.

कायद्यात एक जागा अजून दुबळी आहे. वाजवी सोय द्यायची थेट सक्ती सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी आस्थापनांवर प्रामुख्याने समान संधी धोरण जाहीर करायची जबाबदारी आहे. जिथे वीस किंवा अधिक कर्मचारी आहेत, तिथे त्या धोरणात कोणत्या सोयी देणार हे लिहायचं असतं आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी एक संपर्क अधिकारी नेमायचा असतो. आपल्यातले बहुतेक जण खासगी नोकरीत आहेत, म्हणून ही सक्ती तिथेही स्पष्ट शब्दांत यायला हवी. ती येईपर्यंत आपल्या कंपनीचं धोरण मागून वाचा, संपर्क अधिकाऱ्याचं नाव विचारा आणि आपली गरज लेखी द्या. साहेब प्रेमळ असले तरी द्या. ते आहेत तोवर ते पत्र मंजूर होणं सोपं असतं, आणि त्याची खरी गरज ते गेल्यावर पडते.